पायाच्या गंभीर धमनीविकारात हायपरबॅरिक ऑक्सिजन : आधी मोजमाप, मग चेंबर

रात्री आडवे पडले की पाऊल ठणकू लागते, पाय खाली सोडून बसले की जरा बरे वाटते. बोटाची बारीकशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, किंवा अंगठ्याचे टोक काळे पडू लागते. पायाच्या धमन्या गंभीररीत्या अरुंद झाल्याची ही लक्षणे. याच टप्प्यावर कुणीतरी ‘ऑक्सिजन चेंबर’चे, म्हणजे बंद कक्षात वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासावाटे घेण्याच्या हायपरबॅरिक उपचाराचे, नाव सुचवते. हा उपचार खरा आहे आणि योग्य रुग्णाला त्याचा उपयोगही होतो. मात्र तो बंद झालेली धमनी उघडत नाही. हे लक्षात न घेता चेंबरमध्ये घालवलेले आठवडे पायाला महागात पडतात, म्हणून या मार्गदर्शिकेत चेंबरआधीच्या तपासण्यांना जास्त जागा दिली आहे.

चेंबरमध्ये काय घडते

निरोगी फुप्फुसांच्या माणसाचे हिमोग्लोबिन साध्या हवेतही जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यामुळे जादा ऑक्सिजन न्यायचा तर तो रक्तद्रवात विरघळवूनच न्यावा लागतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन असा विरघळलेला असतो. नेहमीच्या २.४ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की हे प्रमाण ५ मिलिलिटरच्या आसपास जाते. विश्रांत अवस्थेत शरीर तेवढ्या रक्तातून साधारण ५ ते ६ मिलिलिटर ऑक्सिजन उचलते, त्यावरून ही वाढ किती मोठी आहे ते कळेल. केशवाहिनीपासून ऑक्सिजन जितका दूर झिरपू शकतो ते अंतर वाढते, पांढऱ्या पेशींना जंतू मारायला आणि जखमेतल्या पेशींना कोलॅजेन, म्हणजे नव्या ऊतीचे धागे, विणायला लागणारा ऑक्सिजन मिळतो. त्याच वेळी लहान रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्यामुळे सूज उतरते.

सत्र संपले की हा वाढीव साठा काही तासांत ओसरतो. टिकणारा परिणाम वेगळा : रोजच्या चढउतारामुळे जखमेभोवती नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. त्याला आठवडे लागतात. म्हणूनच दोन-चार सत्रांत काही होत नाही आणि साधारण ३० ते ४० सत्रांचा क्रम आखला जातो.

पण हे ऑक्सिजनभरले रक्त पावलापर्यंत पोहोचले पाहिजे. जिथे प्रवाहच नाही, तिथे शून्याला कितीने गुणले तरी शून्यच.

दाबाच्या आकड्यांबाबत नेहमी घोळ होतो. २.४ म्हणजे जमिनीवरील हवेचा दाब धरून एकूण दाब. चेंबरच्या मापकावर मात्र काटा शून्यापासून सुरू होतो, म्हणून तिथे १.४ दिसतो. पाण्याखाली १४ मीटरवर एवढाच दाब असतो. कापडी, फुगवून वापरायचे ‘सॉफ्ट चेंबर’ १.३ पट दाबाचे असतात आणि बहुधा त्यांत साधी हवाच भरतात. त्यात बसून मिळणारा ऑक्सिजन जमिनीवर २७ टक्के ऑक्सिजन घेतल्याइतकाच. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन घेतला तरी साधारण तेवढाच मिळतो. धमनीविकाराच्या जखमेसाठी असे चेंबर घेऊ नये. पायाला पिशवी बांधून नुसत्या जखमेवर ऑक्सिजन सोडणे हाही निराळाच उपचार आहे, त्याचे निष्कर्ष इथे लावता येत नाहीत.

आत्ता चेंबरकडे जाऊ नये असे रुग्ण

पाय अचानक गार, पांढरा पडला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकल्याची शक्यता असते. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. थेट रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. दुर्गंधी, वर पसरणारी लाली आणि ताप असलेले ओले गँगरीन असेल तर आधी शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके, चेंबरचा विचार नंतर. याउलट फक्त चालताना पोटऱ्या भरून येत असतील आणि जखम नसेल, तर चालण्याचा नियमित व्यायाम, धूम्रपान बंद आणि औषधे हेच उपचार. त्यासाठी चेंबरची गरज नाही.

मोजमाप

पहिली तपासणी घोट्याच्या दाबाची. डॉपलर या ध्वनिलहरींच्या यंत्राने घोट्यावरचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागतात. ०.९ च्या खाली आले तर धमनीविकार, ०.४ च्या खाली गंभीर. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांत मात्र हा आकडा फसवतो. त्यांच्या धमन्यांत चुना साचलेला असतो, पट्टा कितीही फुगवला तरी त्या दबत नाहीत, आणि गुणोत्तर १.४ च्या वर जाते किंवा खोटे ‘नॉर्मल’ दिसते. म्हणून अशा रुग्णाचा अंगठ्याचा दाब छोट्या पट्ट्याने मोजायलाच हवा. तो ३० मिमी पाऱ्याखाली असेल तर जखम आपणहून भरण्याची आशा फार कमी.

दुसरी पायरी रक्तवाहिन्यांच्या चित्रणाची. डुप्लेक्स सोनोग्राफी, सीटी अँजिओग्राफी, आणि गरज पडल्यास कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी. चित्रण पावलातल्या धमन्यांच्या कमानीपर्यंत दिसले पाहिजे, गुडघ्याशी थांबलेला अहवाल अपुरा आहे. ‘काही करता येणार नाही’ असे उत्तर मिळाले, तर गुडघ्याखालच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी आणि पावलापर्यंतचे बायपास नियमित करणाऱ्या केंद्राचे मत एकदा जरूर घ्या. प्रवाह पुन्हा सुरू करता येत असेल तर ते आधी. चेंबर हा त्याला पर्याय नाही. २०१९ च्या जागतिक रक्तवाहिनी मार्गदर्शक सूचनांत हेच स्पष्ट म्हटले आहे : प्रवाहातील गंभीर तूट दुरुस्त केलेली नसताना पाय वाचवण्यासाठी हायपरबॅरिक ऑक्सिजन देऊ नये.

तिसरी, आणि चेंबरचा निर्णय ठरवणारी तपासणी म्हणजे त्वचेवरून ऑक्सिजनचा दाब मोजणे, म्हणजेच टीसीपीओटू. ही काळजीपूर्वक केली नाही तर आकडे निरर्थक ठरतात, म्हणून ती कशी व्हावी हे सविस्तर :

१. रुग्णाला उबदार खोलीत आडवे झोपवावे. काही तास आधीपासून सिगारेट, तंबाखू, कॉफी बंद.

२. त्वचा स्वच्छ करून, केस काढून, चिकट रिंग बसवावी. रिंगमध्ये द्रवाचे थेंब टाकून संवेदक लावावा. तो ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. एकाच जागी फार वेळ राहिला तर चटका बसतो, आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या त्वचेला तो लवकर बसतो.

३. एक संवेदक गळपट्टीच्या हाडाखाली छातीवर तुलनेसाठी, निदान दोन जखमेजवळच्या निरोगी त्वचेवर. हाड, शिरा, कंडरा, सूज, तळपायाची जाड कातडी या जागा टाळाव्यात.

४. आकडा स्थिरावायला १५ ते २० मिनिटे द्यावीत. घाईने नोंदवलेला आकडा चुकीचाच असतो.

५. मग घट्ट मास्कने १० मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देऊन पुन्हा मोजावे, आणि शेवटी पहिल्या-दुसऱ्या सत्रात चेंबरच्या आत, उपचाराच्या दाबाला मोजावे.

आकडा १५० च्या आसपास जाऊन तिथेच बसला तर रिंगखालून खोलीतली हवा शिरते आहे, नवी रिंग लावा. छातीवरचाच आकडा कमी आला तर दोष पायात नसून फुप्फुसात किंवा हृदयात शोधावा. जंतुसंसर्ग आणि सूज असताना पायाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, ते आटोक्यात आणून पुन्हा मोजावे.

वाचायचे असे. साध्या हवेत ४० मिमी पाऱ्याच्या वर असेल तर जखम न भरण्याचे कारण ऑक्सिजनची कमतरता नसावे, दाब पडणारे पादत्राण किंवा हाडातला जंतुसंसर्ग तपासावा. ४० च्या खाली तूट, ३० च्या खाली गंभीर तूट. शुद्ध ऑक्सिजनवर जमिनीवरच १०० च्या वर गेला तर चांगले लक्षण. सर्वांत भरवशाचा आकडा चेंबरच्या आतला : २०० च्या वर गेला तर उपचार लागू पडण्याची शक्यता चांगली. आतही १०० गाठत नसेल तर त्या पावलापर्यंत रक्तच जात नाही, आणि ४० सत्रे केली तरी फारसा फरक पडणार नाही. अशा रुग्णाला पहिल्याच आठवड्यात पुन्हा रक्तवाहिनी तज्ज्ञाकडे पाठवणे हाच त्याच्यावर केलेला उपकार. १०० ते २०० च्या मधल्यांना १५ सत्रांची मुदत ठरवून सुरुवात करावी आणि मग फेरतपासणी.

पुरावा किती आहे

संमिश्र आहे, आणि रुग्णाला तो तसाच सांगावा. स्वीडनमधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेही पायाची जुनी जखम असलेले ९४ रुग्ण होते. एका गटाला त्याच चेंबरमध्ये दाबाखाली साधी हवा दिली होती, त्यामुळे कोणाला काय मिळते हे रुग्णांना कळत नव्हते. वर्षभरात ऑक्सिजन गटात ५२ टक्के रुग्णांची जखम भरली, हवेच्या गटात २९ टक्के. दुसरीकडे, मुख्यतः नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत, मधुमेहासोबत धमन्यांचे अडथळे असलेल्यांत जखम भरण्यात किंवा पाय वाचण्यात ठळक फरक दिसला नाही. त्यातली एक गोष्ट आखणी करताना उपयोगी आहे : चेंबर गटातले सुमारे एक-तृतीयांश रुग्ण ठरलेला क्रम पूर्ण करू शकले नाहीत. हे रुग्ण वयस्कर, हृदयविकार असलेले, चालायला त्रास होणारे असतात. आठ आठवडे आठवड्यातून पाच दिवस कोण आणणार, कोण नेणार, हे पहिल्या सत्राआधी ठरवा.

उपचाराचा खरा लाभ होणारे रुग्ण म्हणूनच मोजके : अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊनही जखमेजवळचा ऑक्सिजन कमीच राहिलेले, बोट किंवा अर्धे पाऊल काढल्यावर टाके धरत नसलेले, आणि प्रवाह दुरुस्त करणे खरोखर अशक्य असूनही चेंबरमध्ये आकडा नीट वाढणारे.

सुरू करण्यापूर्वी

छातीचा एक्स-रे हवाच. उपचार न केलेला न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा, ही पूर्ण मनाई आहे. दाब उतरताना ही हवा पसरून जीव घेऊ शकते. फुप्फुसात मोठे हवेचे फुगे असतील किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर छातीरोगतज्ज्ञांचे मत घ्या. इकोमध्ये हृदयाची पंपक्षमता ४० टक्क्यांहून कमी असेल तर विशेष सावध राहावे. आकसलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध पंप करताना कमकुवत हृदयाच्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरू शकते.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. कर्करोगावरच्या औषधांपैकी ब्लिओमायसिन पूर्वी कधीही घेतले असेल, डॉक्सोरुबिसिन किंवा सिस्प्लॅटिन चालू असेल, दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरॅम चालू असेल, तर आवर्जून सांगा. जखमेवर मॅफेनाइड मलम असेल तर ते पूर्ण धुऊन काढावे लागते. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला औषधाचा पंप असेल तर तो किती दाबापर्यंत सुरक्षित आहे हे उत्पादकाच्या कागदावरून पडताळावे. फिट्स येत असतील, ताप असेल, सर्दीने नाक चोंदले असेल तर आधी ते निस्तरावे. डोळ्यांचा नंबर आणि मोतीबिंदूची अवस्था सुरुवातीलाच नोंदवून ठेवा, पुढे त्याची गरज पडते.

सिगारेट सोडणे अटळ. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवतो आणि निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते. सत्रानंतर बाहेर येऊन ओढलेली सिगारेट दोन तासांच्या उपचारावर पाणी फिरवते.

सत्राचा दिवस

कपडे फक्त शंभर टक्के सुती, रुग्णालयाने दिलेले. अंगाला तेल, केसांना तेल, व्हॅसलीन, अत्तर, डिओडरंट, ओली नेलपॉलिश काही नको. मोबाइल, घड्याळ, श्रवणयंत्र, लायटर, काडेपेटी, हात शेकण्याची साधने बाहेर. जखमेवर पेट्रोलियमयुक्त ड्रेसिंग असेल तर बदलून घ्या. नियम जाचक वाटले तरी एकही सोडू नका. ऑक्टोबर १९९७ मध्ये मिलान येथे रुग्णाने सोबत नेलेल्या हात शेकण्याच्या साधनामुळे चेंबरला आग लागली आणि ११ जण दगावले. एका माणसाच्या चेंबरमध्ये सगळीकडे शुद्ध ऑक्सिजनच असतो, म्हणून मनगटाला भूसंपर्काची पट्टी बांधतात. अनेक जणांच्या चेंबरमध्ये हवा असते आणि ऑक्सिजन मास्क किंवा हुडमधून, म्हणजे डोक्यावर घालायच्या पारदर्शक टोपणातून, मिळतो. तिथे आतल्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण २३.५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत.

मधुमेहींनी उपाशी जाऊ नये, इन्सुलिन नेहमीच्या वेळी घ्यावे आणि जाण्यापूर्वी साखर तपासावी. चेंबरमध्ये साखर उतरते. १२० मिग्रॅच्या खाली असेल तर काही खाऊन, ती वर आल्यावरच आत जावे. ३०० च्या वर असेल तर कीटोन पाहावेत. ऑक्सिजनच्या वातावरणात काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून मोजमाप आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर.

दाब चढायला १० ते १५ मिनिटे लागतात. कानात दडे बसतात ते याच वेळी, आणि कानाच्या पडद्याला इजा ही या उपचारातली सर्वांत सामान्य तक्रार. विमान उतरताना होते तेच इथे जास्त जोराने होते. कान दुखायची वाट न पाहता, दाब वाढू लागताच दर काही सेकंदांनी आवंढा गिळा, जबडा हलवा, जांभई द्या. पुरत नसेल तर नाक चिमटीत धरून गिळा, किंवा नाक-तोंड बंद करून हलकेच फुंकर मारा. जोर लावू नका. दुखू लागले की लगेच हात वर करा, चालक दाब थोडा उतरवतो आणि सावकाश पुन्हा चढवतो. दुखणे सोसून पुढे गेलात तर पडदा सुजतो, क्वचित फाटतो, आणि सत्रे आठवडाभर बंद पडतात. वारंवार त्रास होणाऱ्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञ पडद्यात बारीक नळी बसवून देतात आणि पुढचा क्रम सुखाने पार पडतो.

ठरलेल्या दाबाला, म्हणजे २.० ते २.५ च्या दरम्यान, एकूण ९० मिनिटांच्या आसपास ऑक्सिजन घ्यायचा. मध्ये दोनदा ५ ते १० मिनिटे साधी हवा देतात. ही विश्रांती टाळू नये, फिट येण्याचा धोका तिच्यामुळेच कमी होतो. मास्क गळत असेल, दाढीमुळे नीट बसत नसेल, तर रुग्ण तासभर हवाच ओढत राहतो आणि उपचार वाया जातो. शंका आली की हुड मागा.

ओठ फडफडणे, कानात घंटी वाजणे, नजर अरुंद होणे, मळमळ, अकारण चिडचिड, यांतले काही जाणवले तर त्याच क्षणी सांगा. फिट आली तर कर्मचाऱ्यांनी ऑक्सिजन काढून हवा द्यावी. झटके चालू असताना दाब उतरवू नये, कारण तेव्हा स्वरयंत्र बंद असते आणि कोंडलेली हवा पसरून फुप्फुस फाटू शकते. झटके थांबून श्वास सुरू झाल्यावरच दाब उतरवावा. अशी फिट बहुधा मागे काही ठेवत नाही.

दाब उतरताना एकच नियम : श्वास रोखू नका, नेहमीसारखा घेत राहा.

सत्रांच्या मधल्या काळात

चेंबरमधले दोन तास सोडले तर उरलेल्या बावीस तासांत जखम बरी किंवा वाईट होते. जखमेवरचा दाब काढणारे पादत्राण किंवा प्लास्टर, मृत ऊती काढणे, हाडातल्या जंतुसंसर्गाला पुरेशी प्रतिजैविके, रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टॅटिन, साखर, हे सगळे चालूच. कोरडे, काळे, घट्ट बसलेले टोक मात्र प्रवाह सुधारण्याआधी खरवडू नये, ते कोरडे ठेवावे. निगेटिव्ह प्रेशर ड्रेसिंगचा (जखमेतला स्राव ओढून घेणाऱ्या ड्रेसिंगचा) पंप आत जात नाही, तो काढून नळीचे तोंड कसे ठेवायचे हे केंद्राच्या पद्धतीप्रमाणे परिचारिकेने करावे.

दर आठवड्याला ठरावीक वारी, मापपट्टी शेजारी ठेवून जखमेचा फोटो काढा आणि लांबी-रुंदी-खोली लिहा. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

काही आठवड्यांत दूरचे धूसर दिसू लागते. हा बहुधा तात्पुरता लघुदृष्टीदोष असतो आणि क्रम संपल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत जातो. तोवर नवा चष्मा करू नका. आधीचा मोतीबिंदू लांबलेल्या उपचारात वाढू शकतो.

कधी थांबायचे

१५ ते २० सत्रांनंतर फेरतपासणी. जखमेच्या तळाशी लाल दाणेदार ऊती आल्या, आकार कमी झाला, साध्या हवेतला ऑक्सिजन दाब वाढला, तर क्रम पूर्ण करा. साध्या हवेत आकडा ४० च्या वर टिकला की जखम पूर्ण भरलेली नसली तरी चेंबर थांबवता येतो, उरलेले काम ड्रेसिंगवर होते. काहीच हलले नसेल तर ‘अजून वीस करून पाहू’ म्हणू नका. बसवलेला स्टेंट किंवा बायपास पुन्हा बंद झाला आहे का, हाडात पू आहे का, रुग्ण पायावर वजन टाकतो का, हे क्रमाने तपासा. या तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले आणि वेदना वाढत असतील, तर पाय काढण्याचा विषय मोकळेपणाने बोलायला हवा. त्या वेळीही टीसीपीओटूचे आकडे कामी येतात. कोणत्या पातळीवरची जखम भरेल याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो, आणि गुडघा राखता आला तर कृत्रिम पायावर चालायला लागणारी शक्ती पुष्कळ वाचते.